वडिलांची सही

दात साफ करणाऱ्या मुलीनं मास्क न काढताच विचारलं, "मिस केलेमन, ओळखलंत का मला?" इलोनाला उत्तर देता येईना. तिच्या तोंडात आरसा, आकडा आणि थुंकी ओढून घेणारी नळी अशा तीन गोष्टी एकदम होत्या. वर पांढरा दिवा, दिव्याच्या खाली दोन डोळे. शाळेत बत्तीस वर्षं मुलांचं कॉलेजचं बघण्यात गेलेली, त्यामुळे टोलेडो शहरात कुठेही गेलं तरी असे डोळे भेटायचे. किराण्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, एकदा तर दंड भरायला गेली तेव्हा कोर्टाच्या खिडकीमागे. नाव लगेच आठवायचं नाही. "शॅनिस. शॅनिस टॉलिव्हर, दोन हजार बाराची बॅच," मुलगी म्हणाली आणि आकड्यानं मागच्या दाढेवरचं किटण खरवडायला लागली. हातानं काम चाललं होतं आणि तोंडानं हकीकत. तुम्ही सांगितलंत तसं गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेले. एक डॉलर कर्ज काढलं नाही. पास झाले त्या महिन्यात नोकरी लागली. मागच्या वर्षी घर घेतलं, छोटंसंच, पण मागे अंगण आहे. माझ्याबरोबरच्या पोरी अजून हप्ते भरतायत, मिस, आणि मी टोमॅटो लावतेय. इलोना घशातून 'हं' म्हणाली. शॅनिसनं नळी दुसऱ्या गालात सरकवली आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, "ते शिकागोचं पत्र आहे अजून माझ्याकडे. कधीतरी काढून बघते. असंच. जरा मोठा आ करा."

इलोनानं आ मोठा केला. पत्र म्हटल्याबरोबर तिला सगळं आठवलं होतं. शिकागोच्या विद्यापीठाच्या पत्राचा जाड क्रीम रंगाचा कागद, वरची निळी मोहोर, आणि त्यांची मदत धरूनही वर्षाला नऊ हजार डॉलरची तूट. बारा वर्षांपूर्वी ह्याच मुलीपुढे तिनं फळ्यावर दोन रकाने आखले होते. डावीकडे ते काय देतात, उजवीकडे तुला काय फेडायचं. शिकागोच्या उजव्या रकान्यात चार वर्षांचे मिळून छत्तीस हजार, व्याज वेगळं. गावातल्या कॉलेजच्या उजव्या रकान्यात तिनं लाल मार्करनं एक शून्य काढलं आणि त्याभोवती गोल केला. पोरं तिला पाठीमागे शून्य-बाई म्हणायची ते ह्या गोलामुळे, आणि तिला त्याचं मनातून बरं वाटायचं. त्या दिवशी शॅनिसनं फळ्याकडे बराच वेळ बघितलं, मग पत्राची नीट घडी करून दप्तरात ठेवली आणि 'ठीक आहे' म्हणाली. पण त्या पत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, एक ओळ होती: घरची परिस्थिती मधल्या काळात बदलली असल्यास पंचवीस एप्रिलच्या आत आमच्या ऑफिसला कळवावे. शॅनिसच्या आईची हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नोकरी फेब्रुवारीत गेली होती. इलोनाला ते ठाऊक होतं. ती ओळ तिनं वाचली होती. तिनं फोन केला नाही.

का नाही केला? चारशे बारा मुलं होती तिच्याकडे त्या वर्षी, हे एक. ते खरंच होतं, आणि कुणी विचारलं असतं तर तिनं तेच सांगितलं असतं. पण दिव्याखाली आडवं पडून, हिरड्यांतून रक्ताची खारट चव येत असताना, दुसरं कारण वर आलं. तिला भीती वाटली होती की ते लोक ऐकतील. नऊ हजारांचे पाच करतील, आणि मग ही सतरा वर्षांची मुलगी म्हणेल, पाच म्हणजे काही फार नाही, मिस, आणि सही करून मोकळी होईल. नऊचा आकडा इलोनाच्या बाजूनं होता. तो तिनं तसाच राहू दिला.

चूळ भरून झाल्यावर शॅनिस संगणकावर काहीतरी टिपत होती. आता मास्क हनुवटीखाली होता आणि चेहऱ्यात तेव्हाची मुलगी ओळखू येत होती. इलोना छातीवरचा कागदी रुमाल काढायचा विसरून खुर्चीच्या कडेला बसली आणि तिनं सांगून टाकलं. ती ओळ, ती तारीख, न केलेला फोन. भीतीचंही सांगितलं. शॅनिसची बोटं थांबली. बाहेरच्या खोलीत कुणाचं तरी मूल खेळण्याची गाडी भिंतीवर आपटत होतं.

"मला सांगितलं असतंत तर मी केला असता," शॅनिस म्हणाली. आवाजात राग नव्हता. "फोन मला करता येत होता, मिस."

मग तिनं टिपण पुरं केलं, खालच्या डाव्या बाजूची हिरडी मागे सरते आहे, दातांत दोरा रोज फिरवत जा, म्हणाली, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

शाळा नदीच्या पलीकडे होती. पुलावर एक लेन बंद, गाड्या गोगलगाईसारख्या. इलोना जिभेनं सारखी ती डावी हिरडी चाचपत होती. पुलावरून पूर्वेच्या काठावरचे तिच्या लहानपणीचे रस्ते दिसत, हंगेरियन लोकांचं चर्च, त्याच्यामागे त्यांचं घर होतं ते. वडील, गेझा केलेमन, काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. हातावर केस नसत, भट्टीच्या धगीनं जळून गेलेले. पोरगी हुशार निघाली म्हणताना व्हरमाँटच्या डोंगरातल्या त्या महागड्या कॉलेजच्या कागदांवर त्यांनी रविवारचा कोट घालून सही केली होती, घरात, जेवणाच्या टेबलाशी. ते शहाऐंशी साल. एक्याण्णवला भट्टी बंद पडली. इलोनाला इतिहास शिकून वर्ष झालं होतं आणि ती एका चपलांच्या दुकानात कामाला होती. तेव्हापासून वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. फोन स्वयंपाकघरात भिंतीवर. वडील तो उचलत, ऐकून घेत आणि शांतपणे म्हणत, "नेम एर्तेम." मला समजत नाही. पलीकडचा ओरडायला लागला की हे हंगेरियनमध्येच हवेची, कोबीच्या भावाची, पायाच्या दुखण्याची चौकशी करत, अगदी पाहुण्याशी बोलावं तसं, आणि पुन्हा नेम एर्तेम म्हणून रिसीव्हर ठेवत. तीस वर्षं ह्या देशात काढलेला माणूस, इंग्रजीत शिव्यासुद्धा अस्खलित देणारा. आधी त्या गोष्टीला घरात सगळे हसले. दुसऱ्या वर्षी फक्त आई हसली. तिसऱ्या वर्षी फोन वाजला की कुणीच एकमेकांकडे बघत नसे. इलोनानं ते कर्ज एकवीस वर्षं फेडलं. वडील मधेच, दोन हजार तीनमध्ये गेले. शेवटच्या आजारात एकदा त्यांनी भिंतीकडे बघत म्हटलं होतं, ती सही करायला नको होती मी, तुझं वाटोळं झालं. इलोना उशीचा अभ्रा बदलत होती. ती म्हणाली, जाऊ दे आता, पापा.

दोन वाजता ग्रासिएला ओचोआ आणि तिचे वडील आले. ग्रासिएला बारावीत, वर्गात तिसरी, बोलताना केस कानामागे सारायची सवय. तिला काच शिकायची होती. काच आणि चिनीमातीचं इंजिनिअरिंग शिकवणारं एक लहान कॉलेज होतं न्यूयॉर्क राज्याच्या डोंगरात, सहा तासांवर, आणि त्यांनी तिला घेतलं होतं. काचेच्या कारखान्यांच्या शहरातली मुलगी काच शिकायला सहा तास लांब जाणार म्हणून शाळेतले शिक्षक तिची थट्टा करायचे. तूट अकरा हजार, वर्षाला. गावातल्या विद्यापीठात साधं इंजिनिअरिंग सरकारी मदतीत जवळजवळ फुकट. वडील एफ्राइन मोटारींच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात होते. पहिल्या पाळीहून थेट आलेले, टोपी गुडघ्यावर, शर्टाच्या खिशात पेन. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी पेन काढलं.

"आईबापाच्या नावावर कर्ज मिळतं म्हणतात," ते म्हणाले. "सही कुठे करायची तेवढं दाखवा, बाई. बाकी मला काही कळत नाही."

"पापा, थांबा ना जरा," ग्रासिएला म्हणाली.

एरवी इलोना ह्याच क्षणी उठून फळ्याशी जायची. आजही उठली. मार्करचं टोपण काढलं, दोन उभ्या रेघा मारल्या, आणि मग पाठमोरीच उभी राहिली. उजवीकडे अकरा हजार लिहिलं की पुढचं सगळं आपोआप होणार होतं. हा फळाच एक प्रकारचा उतार होता, मुलं त्यावरून घसरत शून्यापाशी येत आणि तिथे ती उभी असे. तिनं टोपण लावलं. परत खुर्चीत येऊन तिनं पत्राचं शेवटचं पान काढलं आणि तळाची ओळ ग्रासिएलाच्या पुढे सरकवली. मोठ्यानं वाच, म्हणाली.

मग कागद निघाले. सरकारी मदतीच्या फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात, आणि दोन वर्षांपूर्वी एफ्राइननी निवृत्तीच्या फंडातून वीस हजार काढले होते. बायकोच्या आजारपणाला. ती त्या वर्षाच्या अखेरीस गेली. पैसे तिच्याआधी पंधरा दिवस संपले होते. फॉर्मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. फॉर्मच्या लेखी ओचोआ कुटुंबाला त्या वर्षी वीस हजारांची बरकत झाली होती. एफ्राइनना हे समजावून सांगताना इलोनाला दोनदा सांगावं लागलं. एकदा ऐकून ते समजले होते, पण त्यांचा विश्वास बसत नव्हता.

इलोनाचा हात फोनकडे गेला. नंबर तिला तोंडपाठ असण्याइतकी ती ह्या कामात मुरलेली होती. अशा ऑफिसातल्या माणसांशी कसं बोलायचं, कुठला शब्द वापरला की ती वरच्या साहेबाला जोडून देतात, हे सगळं तिला येत होतं, आणि तिनं केला असता तर फोन चांगलाच झाला असता. तिनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर ग्रासिएलाच्या हातात दिला.

"मी?" ग्रासिएला म्हणाली.

"तूच. मी इथेच आहे."

वाट बघायला लावणारं संगीत बराच वेळ वाजलं. मग ग्रासिएलाचा आवाज, आधी पातळ, नाव सांगताना अडखळलेला. पलीकडच्या बाईनं काहीतरी विचारलं. ग्रासिएलानं वडिलांकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि केस कानामागे सारून म्हणाली, "मला माझ्या आईच्या औषधाच्या पैशांबद्दल बोलायचंय. तुम्ही ते उत्पन्नात धरलेत. ते उत्पन्न नव्हतं." एफ्राइननी टोपी उचलून तोंडासमोर धरली आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवली. हॉस्पिटलची बिलं, फंडाचं पत्र, मृत्यूचा दाखला, दोन आठवड्यांत पाठवायचं ठरलं. ग्रासिएलानं सगळं तळहातावर लिहून घेतलं, समोर कोरा कागद असताना.

निघताना, दारात, तिनं सहज विचारलं, "मिस, तुम्ही पण अशाच लांबच्या कॉलेजात गेला होतात ना? कसं होतं?"

"महाग होतं," इलोना म्हणाली. तिघंही हसली. हा विनोद ती दर वर्षी करत असे.

ते गेल्यावर मात्र तो विनोद खोलीत राहिला. उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत इलोनाला भलत्या वेळी व्हरमाँट आठवत राहिलं. पास्ता गाळताना, इस्त्री करताना, शाळेच्या सभेत मुख्याध्यापक हजेरीच्या आकड्यांवर बोलत असताना. वसतिगृहातला खोली गरम ठेवणारा वाफेचा बंब, पहाटे पाच वाजता लोखंडात कुणी अडकल्यासारखा ठोकणारा. त्याच्यावर चार मुलींचे मोजे वाळत. बर्फावरून ग्रंथालयात जाताना नाकातला ओलावा गोठायचा आणि आत शिरल्यावर कागदाचा आणि ओल्या लोकरीचा वास. एक म्हातारे प्राध्यापक होते, त्यांनी तिला सोळाव्या शतकातल्या एका विधवेचा खटला वाचायला दिला होता. दोन गाईंवरून दिरांशी भांडणारी विधवा. इलोनानं तिच्यावर चाळीस पानं लिहिली आणि लिहून झाली त्या सकाळी ती एकटीच टेकडी चढून गेली होती. वर काही नव्हतं, पाण्याची टाकी होती. तिथे उभी राहून ती मोठ्यानं हसली होती, कारण काही नसताना. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. हे सगळं कुठे होतं इतकी वर्षं? ते तिनं हप्त्यांच्या खाली पुरून टाकलं होतं. ज्या गोष्टीनं घरात फोन वाजवले ती चांगली होती म्हणायची सोय नव्हती, म्हणून ती वाईटच होती असं धरून चाललं, आणि पुढे तसंच वाटायलाही लागलं. वडिलांना तर तिनं टेकडीचं कधीच सांगितलं नाही. कॉलेजच्या सुट्टीत घरी आली की बसचं भाडं आणि जेवणाच्या तक्रारी सांगायची. तिथे फार सुखात आहे असं सांगणं म्हणजे भट्टीवरून आलेल्या माणसापुढे मिरवणं वाटे. पुढे फोन सुरू झाले आणि मग राहूनच गेलं. आपण पोरीला एक वाईट वस्तू विकत घेऊन दिली, तीही उधारीवर, असं समजून तो माणूस गेला.

अकरा हजारांचे चौतीसशे झाले. ग्रासिएला वर्गातून धावत आली, वडील चार वाजता. आता ती मुलगी फळ्याशी गेली आणि इलोना बाकावर बसली. लोणच्याच्या कारखान्यात उन्हाळ्यात काकड्यांचा हंगाम असतो, अकरा आठवडे, तासाला अठरा डॉलर, मावसबहीण तिथेच आहे, तिच्या गाडीतून जाणं-येणं. पहिलं वर्ष त्यात निघतं, पुस्तकांसकट. दुसऱ्या वर्षापासून वसतिगृहाच्या मजल्याची जबाबदारी घेणाऱ्या मुलांना खोली फुकट मिळते, त्याचा अर्ज जानेवारीत. मदत दर वर्षी नव्यानं ठरते, कमी झाली तर? तर परत यायचं, इथलं विद्यापीठ तिथले गुण धरतं, तिनं फोन करून विचारलं होतं. उजव्या रकान्यात तिनं शून्य काढलं, गोल केला नाही.

इलोनाला खोट काढता येईना. काढायची इच्छाही नव्हती. पण एफ्राइन हातातल्या पेनाची टिक-टिक उघडझाक करत होते.

"म्हणजे सही लागणार नाही," ते म्हणाले.

"नाही पापा. चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे." पुन्हा टिक, टिक. "पोरगी काकड्या भरणार, आपली फी आपण देणार. बापानं काय करायचं मग? तिच्या आईला मी म्हटलं होतं, हिच्या कॉलेजचं मी बघतो."

ह्यावर म्हणायला इलोनाकडे पुष्कळ तयार वाक्यं होती. तुम्ही तिला वाढवलंत, वगैरे. ती बोलायला लागली आणि भलतंच निघालं. तिनं त्यांना गेझा केलेमनचं सांगितलं. रविवारचा कोट, जेवणाचं टेबल, नेम एर्तेम. ग्रासिएला हसली आणि मग थांबली. एकवीस वर्षं सांगितली. आणि मग, एफ्राइनकडे न बघता, टेबलाच्या लाकडाकडे बघत, बंब सांगितला, विधवेच्या दोन गाई सांगितल्या, पाण्याच्या टाकीपाशी हसल्याचं सांगितलं. असलं ती कुणाशीच कधी बोलली नव्हती आणि तिला ते नीट सांगता येत नव्हतं, मधले दुवे राहून जात होते. "मी फार सुखात होते तिथे," ती ग्रासिएलाला म्हणाली. "तू विचारलं होतंस. कर्ज वाईटच होतं, त्यानं माझे वडील खचले, मी पुन्हा कुणाला काढू देणार नाही. पण ती चार वर्षं चांगली होती. हे त्यांना मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, पैसे पाण्यात गेले."

बाहेर बसेस लागत होत्या. एफ्राइननी पेन खिशात ठेवलं, मग मुलीकडे वळले.

"मिहा, पोरी," ते म्हणाले, "तू मला सांगायचं. पैशाचं मागाहून. आधी कसं आहे ते सांगायचं. वाईट असलं तर वाईट, चांगलं असलं तर चांगलं. मला काय वाटेल बघायचं नाही."

ग्रासिएलानं मान हलवली.

उन्हाळाभर ती लोणच्याच्या कारखान्यात होती. जुलैत एकदा कागद घ्यायला शाळेत आली तेव्हा व्हिनेगर आणि शेपूचा वास तिच्या आधी खोलीत शिरला. बोटांची सालं निघालेली, पण पहिल्या सहामाहीचे पैसे भरून झाले होते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एफ्राइन तिला सोडून आले. सप्टेंबरात नव्या बारावीची मुलं आली, चारशे चाळीस. पहिल्याच तासाला इलोनानं त्यांना रकाने दाखवले, आणि पत्रांची शेवटची पानं मोठ्यानं वाचायला लावली. एक मुलगा म्हणाला, मिस, तुम्हीच करा ना फोन, तुमचं ऐकतात. तिनं त्याला नंबर दिला.

ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाच्या मदतीचा फॉर्म निघतो. पालकांचा भाग पालकांनीच भरायचा असतो, म्हणून एफ्राइन एका मंगळवारी पाळी संपवून आले. गुडघ्यावर टोपी, कागदांचं पाकीट नीट लावलेलं. इलोनानं पडद्यावर फॉर्म उघडला, त्यांचं नाव घातलं, पत्ता घातला. घरात माणसं किती, ह्या रकान्यात त्यांनी दोन सांगितलं.

"रविवारी फोन येतो तिचा," ते म्हणाले. "सकाळी, चर्चच्या आधी. पहिला महिना रडायची, ते पण सांगायची. खोलीतली मुलगी घोरते. जेवण म्हणजे नुसता बटाटा. आता बरं आहे म्हणते. बरं म्हणजे, चांगलं. ह्या रविवारी त्यांनी काच ओतली म्हणे, पहिल्यांदा, तिच्या हातानं. तासभर सांगत होती. चर्च बुडालं माझं. मला निम्मं समजलं नाही, पण मी तिला थांबवलं नाही."

"बरं केलंत," इलोना म्हणाली. पडद्यावर पुढचा रकाना उत्पन्नाचा होता, रिकामा, कर्सर लुकलुकत होता. तिनं त्यांच्या पाकिटाकडे हात केला. "हं, कुठवर आलो होतो आपण?"

"माझं संपलं नाही अजून," एफ्राइन म्हणाले. "काचेचं सांगतो ना."

इलोनानं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.